दादाच्या ट्रकची काडी

एक होता मिटकू. उंदराचं पिल्लू. केवढं? तुझ्या अंगठ्याएवढं.

मिटकूला एक दादा होता. गबदूदादा. गबदूदादाकडे एक ट्रक होता. लाल ट्रक. रिमोटचा ट्रक. रिमोटची दांडी पुढे केली, की ट्रक पुढे. दांडी मागे केली, की ट्रक मागे.

आधी ट्रक तेलावर चालायचा. फट् फट् फट् फट्! धूरच धूर. सगळे खोकायचे. खॉक् खॉक्!

दादा म्हणाला, "तेल नको. धूर नको. आपण याला बॅटरी बसवू."

दादाने इंजीन काढलं. मोटर बसवली. बॅटरी बसवली. पुढच्या चाकांजवळ बसवली एक छोटी पेटी. पेटीला एक हात. हात हलला, की चाकं वळणार. पण हात आणि चाकं जोडायला हवी एक काडी. लोखंडाची काडी. दादाने काडी घासली. मापून पाहिली. पुन्हा घासली. पुन्हा मापून पाहिली. काडी झाली तयार.

फक्त लावायची राहिली.

मग थंडी आली. दादा आजारी पडला. दादा मेला.

मेला म्हणजे काय? हाक मारली तरी येत नाही. "दादा!" नाही. "दादाऽऽ!" नाही. मिटकूने खूप हाका मारल्या. घसा बसला.

शेजारी राहायचा झुबकू. खारीचं पिल्लू. झुबकूकडे पण ट्रक होता. पिवळा. तो डावीकडे वळायचा, सूंऽऽ! उजवीकडे वळायचा, सूंऽऽ! आणि झुबकूचा मोठा भाऊ टाळ्या वाजवायचा.

मिटकूच्या पोटात जळायचं. जळ जळ जळ.

त्याचा ट्रक वळतो. माझा नाही. त्याला भाऊ आहे. मला नाही.

एके दिवशी मिटकू काडी लावायला बसला. घूसमामा आला. घूसमामा म्हणजे शेडमधला मिस्त्री. मोठ्ठं पोट, कानामागे पेन्सिल.

मामा म्हणाला, "थांब रे! आधी बॅटरी चालू कर. पेटीचा हात मधोमध येऊ दे. मग काडी लाव."

इतक्यात समोरून झुबकूचा ट्रक गेला. सूंऽऽ!

"काय रे मिटक्या, तुझा नाही ना वळत?" झुबकू म्हणाला.

झालं! मिटकूला आला राग. तो थांबलाच नाही. पेटीचा हात होता वाकडा. तशाच हाताला आणि चाकाला त्याने काडी अडकवली. आणि मग बॅटरी चालू केली.

हात गर्रकन मधोमध आला. काडी ताणली, ताणली, ताणली... टिंग!

काडी उडाली. अंगणात पडली. उन्हात चकाकली. वरून आली साळुंकी. काडी घेतली चोचीत. भुर्रर्र!

"मामाऽऽ! माझी काडी!"

मामाने डोकं खाजवलं. "आता रे? काडीशिवाय ट्रक सरळच जाणार. कुणाच्या तरी अंगावर जाईल."

"दुसरी करून दे ना, मामा."

"अरे, तिचं माप तुझ्या दादाला ठाऊक. मला नाही. असं कर. सूर्य शेडमागे जाईपर्यंत काडी आण. नाही आली, तर मी ट्रक खोलतो. चाकं झुबकूच्या ट्रकला लावतो. त्याची झिजलीत."

झुबकूच्या ट्रकला? दादाची चाकं?

मिटकू निघाला. तुरतुर तुरतुर, शेपूट वर.

शेवग्याच्या झाडावर बसली होती साळुंकी. मिटकू खालून ओरडला,

"साळुंकीकाकू, साळुंकीकाकू, काडी द्या.
काडी लावीन ट्रकला.
ट्रक माझ्या दादाचा. दुसऱ्या कुणाचा नाही!"

साळुंकी म्हणाली, "काडी होय? काडी छान आहे. पण घरटं टोचतं रे मला. इकडे टोचतं, तिकडे टोचतं. आणि ती बुलबुल बघ! तिच्या घरट्यात शेळीचे केस. मऊ मऊ! तिला आहे, मला नाही. मी नाही देत, जा! शेळीचे केस आण, मग देईन काडी."

मिटकू निघाला. तुरतुर तुरतुर, शेपूट वर.

कुंपणाजवळ उभी होती शेळी. तिची दोन करडं खेळत होती. एक मोठं, एक धाकटं. धाकटं पडलं, की मोठं त्याला डोक्याने उठवायचं. मिटकूने तिकडे पाहिलंच नाही. म्हणजे एकदा पाहिलं. मग तोंड फिरवलं.

"शेळीमावशी, शेळीमावशी, केस दे.
केस साळुंकीला, साळुंकी देईल काडी.
काडी लावीन ट्रकला.
ट्रक माझ्या दादाचा. दुसऱ्या कुणाचा नाही!"

शेळी म्हणाली, "बें बें! घे की केस, मला कुठे कमी आहेत? पण थांब. त्या म्हशीच्या गळ्यात काय आहे? घंटा! ठण ठण करत मिरवते. माझ्या गळ्यात काय? सुतळी! तिला आहे, मला नाही. मी नाही देत, जा! म्हशीची घंटा आण, मग देईन केस."

मिटकू निघाला. तुरतुर तुरतुर, शेपूट वर.

चिंचेखाली बसली होती म्हैस. रवंथ करत होती. चब्... चब्... चब्...

"म्हैसआजी, म्हैसआजी, घंटा दे.
घंटा शेळीला, शेळी देईल केस.
केस साळुंकीला, साळुंकी देईल काडी.
काडी लावीन ट्रकला.
ट्रक माझ्या दादाचा. दुसऱ्या कुणाचा नाही!"

म्हैस म्हणाली, "चब्..."

"आजी, लवकर बोल ना! सूर्य निघाला!"

"चब्... कुठे निघाला?"

"शेडमागे!"

"जाऊ दे त्याला. चब्... मला भारी उकडतंय बघ. आणि तो बेडूक! दिवसभर चिखलात. गारेगार! मी एक पाय टाकला, की ओरडतो. त्याला आहे, मला नाही. मी नाही देत, जा! बेडकाचा चिखल मिळव, मग देईन घंटा."

मिटकू निघाला. तुरतुर तुरतुर, शेपूट वर.

डबक्यात बसला होता बेडूक. गाल फुगवून.

"डराव! कोण ते? रांगेत उभा राहा!"

"पण इथे रांग नाहीये."

"मग रांग कर!"

मिटकू एकटाच रांगेत उभा राहिला. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही.

"हं. आता बोल."

"बेडूकराव, बेडूकराव, चिखल द्या.
चिखल म्हशीला, म्हैस देईल घंटा.
घंटा शेळीला, शेळी देईल केस.
केस साळुंकीला, साळुंकी देईल काडी.
काडी लावीन ट्रकला.
ट्रक माझ्या दादाचा. दुसऱ्या कुणाचा नाही!"

बेडूक म्हणाला, "डराव! चिखल मागतोस? माझं डोकं बघ आधी. हात लावून बघ. चटका बसला ना? ऊन आहे ऊन! आणि ती गोगलगाय बघ. एवढीशी ती, आणि अख्खं अळूचं पान तिला! सावलीत बसते. तिला आहे, मला नाही. मी नाही देत, जा! गोगलगायीचं पान आण, मग देईन चिखल."

मिटकू निघाला. तुरतुर तुरतुर. शेपूट आता जरा खाली.

अळूच्या पानाखाली बसली होती गोगलगाय. तिचं नाव इवली. इवली मिटकूहूनही लहान.

"इवली, इवली, पान दे.
पान बेडकाला, बेडूक देईल चिखल.
चिखल म्हशीला, म्हैस देईल घंटा.
घंटा शेळीला, शेळी देईल केस.
केस साळुंकीला, साळुंकी देईल काडी.
काडी लावीन ट्रकला.
ट्रक माझ्या दादाचा. दुसऱ्या कुणाचा नाही!"

इवलीने एक शिंग बाहेर काढलं. मग दुसरं काढलं. हळूऽऽ हळूऽऽ.

"मला माहितीये तुझा दादा," इवली म्हणाली. "मी रोज बघायचे. तो रिमोट धरायचा. तू मागे हौद्यात बसायचास. तुझे कान वाऱ्यावर उडायचे. फर फर फर! आणि मी? या पानाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं, तर माझी अख्खी सकाळ जाते. तुला होतं, मला नव्हतं. मी नाही देत, जा!"

"बरं, तुला काय आणू?"

"काही आणू नको. मला ट्रकमध्ये बसव. मागे, हौद्यात."

मिटकू ओरडला, "नाही! ती माझी जागा आहे! मला दादाने दिलीय. मला! तुला नाही. मी नाही देत, जा!"

इवली शिंगं आत घेऊन बसली.

मिटकू तिथून निघाला. तुरतुर नाही. शेपूट वर नाही. चार पावलं गेला आणि बसला मातीत.

सूर्य आला शेडच्या पत्र्यावर.

मिटकू विचार करू लागला. काडी मिळेल. ट्रक वळेल. मी हौद्यात बसेन. मग रिमोट कोण धरेल?

दादा.

दादा तर नाही.

मग मी रिमोट धरेन. मग हौद्यात कोण?

कुणी नाही. रिकामा हौदा. खुळ् खुळ् खुळ्.

मिटकूच्या डोळ्यांतून पाणी आलं. नाकातूनही आलं. त्याने दोन्ही पुसलं. सगळ्यांकडे मागून झालं होतं. आता एकच जण राहिला होता. मिटकू त्यालाच म्हणाला,

"मिटकू, मिटकू, जागा दे.
जागा इवलीला, इवली देईल पान.
पान बेडकाला, बेडूक देईल चिखल.
चिखल म्हशीला, म्हैस देईल घंटा.
घंटा शेळीला, शेळी देईल केस.
केस साळुंकीला, साळुंकी देईल काडी.
काडी लावीन ट्रकला.
ट्रक माझ्या दादाचा. दुसऱ्या कुणाचा..."

पुढचं त्याला म्हणवलंच नाही.

तो उठला. इवलीकडे गेला. तिच्या शंखावर टकटक केलं.

"बस हौद्यात. पण शेंबूड लावायचा नाही."

"शेंबूड नाही काही तो! मी अशीच आहे."

"बरं बरं. चल, बस माझ्या पाठीवर. तू चालत आलीस, तर दिवाळी येईल."

इवली बसली पाठीवर. गिळगिळीत! मिटकूने नाक मुरडलं. पण उतरवलं नाही तिला.

मग काय!

इवलीने दिलं पान. मिटकूने देठ कुरतडला. कुर कुर कुर!

पान दिलं बेडकाला. बेडकाने धरलं डोक्यावर. "डराव! आता मी राजा! घे चिखल."

चिखल दिला म्हशीला. म्हैस आली डुलत डुलत आणि बसली. छपाऽऽक! बेडूक उडाला वर, पानासकट! खाली पडला तो म्हशीच्या पाठीवर. तिथेच बसला ऐटीत. "ही जागा बरी आहे," म्हणाला.

म्हशीने मान खाली केली. मिटकूने दोरी कुरतडली. कुर कुर कुर! घंटा पडली. ठण्ण! मिटकू गेला घंटेच्या आत! इवलीही आत!

"अंधार झाला का रे?" इवली म्हणाली.

"नाही गं! आपण घंटेत आहोत!"

म्हशीने शिंगाने घंटा उचलली. मिटकूने ती ओढत नेली. ठण ठण ठण!

घंटा दिली शेळीला. शेळीने गळ्यात घातली. घंटा पोचली गुडघ्यापर्यंत. करडं खीः खीः हसली. "हसू नका रे मेल्यांनो, दागिना आहे तो!" शेळी म्हणाली. आणि कुंपणाला पाठ घासली. खर खर खर! पडले केस. हा ढीग!

केस दिले साळुंकीला. साळुंकी बसली घरट्यात. उठली. पुन्हा बसली. "आई गं, किती मऊ! आता बुलबुलीला बोलावते बघायला." आणि तिने ओढून काढली काडी. टाकली खाली. टिण्ण!

काडी मिळाली! काडी मिळाली!

मिटकू पळाला. तुरतुर तुरतुर तुरतुर! तोंडात काडी, पाठीवर इवली.

"अगं बाई, केवढा हा वेग!" इवली ओरडली. "अजून जोरात!"

शेडमध्ये घूसमामा पाना घेऊन बसला होता. सूर्य अर्धा शेडमागे गेला होता. मामाने एक चाक काढलंही होतं. झुबकू शेजारी उभा. हात पुढे करून.

"मामा, थांब! थांब! काडी आणली!"

मामाने काडी पाहिली. पाना खाली ठेवला. "शाब्बास रे पठ्ठ्या! हे घे, चाक परत बसवलं. काडी तू लाव."

मिटकूने काडी उचलली. मग थांबला. हात शिवशिवत होते. पण थांबला. आधी बॅटरी चालू केली. पेटीचा हात हलला. गर्रर्र... आला मधोमध. चाकं धरली सरळ. मग काडीचं एक टोक हाताला लावलं. टक्! दुसरं टोक चाकाला. टक्!

काडी बरोब्बर बसली. तसूभर लांब नाही, तसूभर आखूड नाही.

मामा म्हणाला, "काय माप घेतलं होतं पोराने!" आणि उगाचच पेन्सिल या कानामागून काढून त्या कानामागे ठेवली.

इवली बसली हौद्यात. मिटकू चढला रिमोटवर. दांडी पुढे. सूंऽऽ! दांडी डावीकडे. वळला! दांडी उजवीकडे. वळला! दादाचा ट्रक वळला!

इवलीची शिंगं वाऱ्यावर उडाली. फर फर फर!

झुबकू बघतच राहिला. "माझ्या ट्रकला हौदाच नाही," तो पुटपुटला. "तुला आहे, मला नाही."

मिटकूला पोटात गुदगुल्या झाल्या. खूप नाही. थोड्याशाच. मग तो म्हणाला, "रांगेत उभा राहा."

"कुठेय रांग?"

"कर ना रांग! इवलीनंतर तू."

ट्रक चिंचेला वळसा घालून आला. म्हशीला वळसा घालून आला. मिटकूसमोर येऊन थांबला. हौद्यातून इवली ओरडली,

"दादा, अजून एकदा!"

मिटकूने झटकन मागे पाहिलं.

मागे कुणी नव्हतं. नुसतं अंगण होतं.

"अरे तूच की! तूच दादा," इवली म्हणाली. "अजून एकदा ना, मिटकूदादा!"

मिटकूने दोन्ही हातांनी दांडी धरली. घट्ट धरली. आणि पुढे केली.

सूंऽऽऽ!

ट्रक गेला डावीकडे, ट्रक गेला उजवीकडे, आणि आपल्या गोष्टीने लावला ब्रेक. कर्रर्र!